ऐकलं नाही तर सूतक नाही

भिवंडी,
वैशाख, २००६

प्रिय करिष्मा,

पत्र बघून आधी हसशील. ताईच्या हातात मोबाईल असताना कागद कशाला, असं म्हणशील. पण नवरीने सारखं फोनवर बोलू नये म्हणून भावाच्या हक्काने कुणालने तुझा मोबाईल काढून घेतलाय, आणि घरचा फोनही तोच उचलतो. त्याच्या कानावरून गेल्याशिवाय तुझ्यापर्यंत काही पोचत नाही. तेव्हा शाळा सुटल्यापासून पहिल्यांदाच एवढं लिहायला बसलेय, अक्षराला नावं ठेवू नकोस. दुपार आहे, लाईट गेलीय. नर्सिंग होमच्या मागच्या गल्लीतले लूम बंद पडलेत, त्यामुळे काकीचा श्वास इथे स्टुलावर बसून ऐकू येतो. लाईट असली की लूमच्या खडखडाटात तो बुडतो, आणि मला तेच बरं वाटतं.

मांडव मोठा घातलाय म्हणे, थेट गोदामाच्या कुंपणापर्यंत. बायका घरात दाटल्या असतील, आणि तू कोपऱ्यात बसून टेमघरच्या नवरदेवाचा विचार करत असशील. कर बाई, हेच दिवस आहेत. मी तुझ्या उखाण्याला हसायला तिथे असायला हवं होतं. आपल्या वळ गावच्या घरात सख्ख्या बहिणीचं लग्न, आणि मी इथे फिनेलच्या वासात बसलेय, याचा मला राग आहे. तो तुझ्यावर नाही.

परवा कुणालने त्याच्या मोबाईलवरून फोन लावून दिला तेव्हा मी तुला सांगितलं की काकी बरी आहे, पेज खाते, फक्त डॉक्टर सोडत नाहीत म्हणून लग्नाला येता येणार नाही. ते खोटं होतं. कुणाल माझ्या शेजारी उभा होता. काकीच्या अन्ननलिकेत गाठ आहे आणि ती आता पसरलीय. मुंबईच्या डॉक्टरांनी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं, घरी न्या, सेवा करा, आता औषध नाही. त्या दिवशी गाडी मुंबईहून निघाली ती वळला गेलीच नाही, इथे भिवंडीत थांबली. कुणाल म्हणाला, दोन दिवस सलाईन लावू, ताकद आली की नेऊ. ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत. काकीच्या घशाखाली आता चमचाभर पाणी उतरतं, तेही ठसका लागत. हाताला सुई टोचायला शीर सापडत नाही.

तुला आई आठवत नाही, मला थोडी आठवते. पण आई म्हटलं की माझ्याही डोळ्यांसमोर काकीच येते. काका गेले, पोटी मूल नाही, माहेरी परत जायला सगळे सांगत होते, आणि ही बाई दिराच्या आईविना पोरांसाठी राहिली. तुला कडेवर घेऊन ती लग्नांत धवले म्हणायला जायची ते मला चांगलं आठवतं. गावात भटजी नंतर, आधी धवलारीण, आणि धवलारीण म्हणजे आपली कमळकाकी. मांडवाचा खांब रोवला की पदर खोचून बसायची आणि गाण्यातून एकेका देवाला लग्नाचं आवतण द्यायची. एरवी विधवा बाईला कोणी मांडवात पुढे येऊ देत नाही, पण काकीला वळमध्ये कोणी कधी मागे बसवलं नाही. तिला त्याचा काय तोरा होता! माझ्या लग्नात तिने गाण्यातून माझ्या सासूला असे चिमटे काढले की वडप्याला सासू अजून त्याची उट्टी माझ्यावर काढते.

तुझ्या हळदीला आता सीडी लावणार आहेत असं ऐकलं.

सुरुवातीला इथे रोज कोणी ना कोणी यायचं. बाबा यायचे, भावकीतल्या बायका शहाळी घेऊन यायच्या. मग लग्न जवळ आलं तसं एकेक जण येईनासं झालं. मला वाटलं कामं असतील. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून मला एकदा म्हणाली, "बाजी, शादी का घर है मानते हैं, लेकिन अपनी बुढ़िया को देखने कोई तो आता." मी मोबाईल घेऊन बाहेर आले. बाबांना फोन केला तर कुणालने घेतला. नंतर तुळजा कासारीण इथे आली तेव्हा तिच्याकडून कळलं की फोन वाजला की बाबा मांडवातून उठतात आणि खाडीकडे चालू लागतात. बांधावर जाऊन उभे राहतात, कोणीतरी हाक मारेपर्यंत.

मी कुणालला इथे बोलावून विचारलं. त्याने आडपडदा ठेवला नाही. म्हणाला, "काकी आपल्या घरची. गेली तर धा दिस सूतक. मांडव उतरवावा लागंल. पन ऐकलं न्हाय तर सूतक न्हाय, ताई. कानाव आलं तवापासून धरायचं." म्हणून घरचं कोणी इकडे फिरकायचं नाही, फोन घ्यायचा नाही. मी लग्न होऊन वडप्याची झालेली, माझ्यावर तुमच्या घरचं सूतक नाही, म्हणून इथे मला बसवलंय. मी आपली समजत होते की काकीला माझ्या हातचं पाणी लागतं म्हणून बसवलंय! काही झालंच तर मी एकटीने गप्प राहायचं आणि तुझी वरात टेमघरला पोचली की मग फोन करायचा, असं ठरलंय. ठरवताना मला कोणी विचारलं नाही.

कुणाल वाईट नाही गं. तू त्याला शिव्या घालण्याआधी हे वाच. टेमघरवाल्यांच्या घरात मयत झाली म्हणून लग्न एकदा पुढे गेलंच आहे. आता आपल्याकडून पुढे गेलं तर ते मुलीचा पायगुण वाईट म्हणतील आणि सोयरीक मोडतील. त्यांनी तसं बोलून दाखवलंय. तू त्या मुलासाठी किती दिवस थांबलीस ते घरात सगळ्यांना माहीत आहे. हे सांगताना कुणाल माझ्यासमोर रडला, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि केटररकडे जायचं म्हणून निघून गेला. मला त्याची कीव आली. त्या दिवशी मी हो म्हणाले, तुझ्याचसाठी.

मग मी बर्फ पाहिला. रोज सकाळी मागच्या दाराशी हातगाडी लागते, बर्फाच्या लाद्या उतरवतात. मला वाटायचं पेशंटच्या पाण्यासाठी असेल, या उन्हात लाईट नसल्यावर दुसरं काय करणार. काल डबा धुवायला मागे गेले तर जनरेटरच्या शेजारची खोली उघडी होती. आत एक पेटी होती, मासळीच्या धंद्यात वापरतात तसली, आतून पत्रा मारलेली, पण लांब. माणूस आडवा मावेल इतकी लांब. तळाला बर्फ, वर भुसा, वर गोणपाट. चिंधू कंपाउंडर भुसा सारखा करत होता. मी विचारलं हे काय, तर तो ओशाळून म्हणाला, "तुमच्याच भावानं सांगितलंय. मेच्या दिसांत ठेवायचं म्हंजी सोय नको?" काकी पलीकडच्या खोलीत जिवंत होती, करिष्मा. मी आत आले तेव्हा तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि माझे हात गार लागले म्हणून आपल्या हातांत धरून चोळले.

आता काकीचं सांगते. ती इथे आल्यापासून एकच धोशा लावून होती. "मना घरा न्या गो. पोरीचा मांडव परलाय दारान, आन मी हिथं कशाला?" दुपारी शुद्ध असली की बसक्या आवाजात धवले म्हणायची. शब्द फुटायचे नाहीत, नुसता वारा यायचा, पण चाल अचूक. मधे थांबून मला दटावायची, मागून ओळ ओढ, झोपलीस काय. तुझ्या हळदीचे धवले ती या खाटेवर घोकत होती. शेजारची सून पोराला मांडीवर घेऊन ऐकत बसायची. आणि एका सकाळी ते एकदम थांबलं. काकीने भिंतीकडे तोंड केलं, पाणी नको म्हणाली, घराचं नावच टाकलं. मला वाटलं आजार वाढला. डॉक्टरही तेच म्हणाले.

आज सकाळी तिचं अंग पुसताना मी सहज म्हटलं, काकी, पोरीला हळद लागायची आता. तर भिंतीकडे बघतच बोलली, "मना नको नेव तिथं. पोरीलाच नको हाय. कुणाल बोलला मना. करिष्मा बोलते, काकी मांडवान नको." मी तिला शपथा घालून सांगितलं की हे खोटं आहे, तिला गप्प बसवायला कुणालने तुझं नाव वापरलं असणार. तिने ऐकून घेतलं आणि माझ्या गालावर हात ठेवला, तुला लहानपणी समजूत घालताना ठेवायची तसा. माझ्यावर तिचा विश्वास नाही. डॉक्टर म्हणतात आजची रात्र, उद्याचा दिवस, पुढचं सांगता येत नाही.

हे पत्र त्यासाठी आहे. तुळजा तुला चुडा भरायला येते आहे, बांगड्यांच्या खाली हे ठेवायला मी तिला सांगितलंय. तिच्यासमोरच वाच. काकी मांडवात यावी असं तुला वाटत असेल तर तुळजाला तेवढं सांग, ती मला कळवेल, मी उद्या सकाळी गाडी करून काकीला वळला आणते. बाकीचे गाडी अडवतील, म्हणून हळदीच्या अंगाने तू स्वतः वेशीवर येऊन उभी राहा. नवरीचा शब्द कोणी मोडणार नाही. काकीने दारातच प्राण सोडला तर लग्न थांबेल, टेमघरवाले काय करतील ते मला माहीत नाही, आणि तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं तेही मला छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. आणि करिष्मा, तू खरंच तसं म्हणाली असशील, तर तुळजाला काहीच सांगू नकोस. पत्र चुलीत घाल आणि चुडा भरून घे. मी काकीला सांगेन की तू येऊन गेलीस, बराच वेळ पायाशी बसली होतीस, तिचा डोळा लागला होता म्हणून उठवलं नाही.

वडप्याला दिलेली, तरी तुझीच,
विनिता