नळ की तू?

४ मार्च
अभिनंदन म्हणे! डॉक्टरांनी हात पुढे केला. "रिपोर्ट झकास. रक्त शंभर टक्के बहिणीचं झालंय. आता मजेत जगा." मी विचारलं, कसं? ते हसले. त्यांना विनोद वाटला!

धाकटीने स्टेम सेल, म्हणजे रक्त बनवणाऱ्या पेशी दिल्या, त्याला वर्ष झालं. कॅन्सर गेला. चव गेली, झोप गेली. पुस्तक हातात धरते, पान उलटत नाही. कुणी खोकलं की धडकी भरते. हे रिपोर्टात येत नाही. मनाच्या डॉक्टरांची खोली आहे, पण तिला कुलूप. "मॅडम मंगळवारी येतात. येतात तेव्हा." वा!

७ मार्च
शेजारीण दारातूनच – "नवा जन्म झाला हो तुमचा!" मग पाळण्यात घाला मला. सूनबाई म्हणते, पॉझिटिव्ह राहा. मुलगा म्हणतो, "आई, रडू नकोस, प्रतिकारशक्ती कमी होते." कुठून शोधून आणतो, देव जाणे.

म्हणून बाथरूममध्ये रडते, नळ सोडून. कॉन्व्हेंटच्या बोर्डिंगचं शिक्षण! रडण्याचा आवाज बाहेर आला की मदर शिक्षा म्हणून उभं करायच्या. धाकटी तेव्हा बाथरूमच्या दारावर टकटक करायची. "ताई, नळ की तू?" मी म्हणायचे, "नळ." तरी ती दाराबाहेर बसून राहायची. म्हातारपणीही तेच, हॉस्पिटलातही तेच.

आता कुणी टकटक करत नाही. पाण्याचं बिल वाढलं, एवढंच म्हणतात.

८ मार्च
धाकटीचा फोन आजही बंद. तीन आठवडे होत आले.

११ मार्च
अजून बंद. मुलाला विचारलं. "मावशीचा घसा बसलाय." इतके दिवस? टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा. खोटं बोलणारा श्वास कुठे घेतो ते मला कळतं. हा खोटं बोलतोय!

रुसली असणार. तिच्या पेशी घेतल्यावर माझ्या अंगावर पुरळ उठलं तेव्हा मी म्हटलं होतं, "तुझ्या पेशी तुझ्यासारख्याच कजाग. माझ्या घरात राहून माझ्याशीच भांडतात!" तेव्हा खो खो हसली. नंतर मनाला लावून घेतलं असेल. बाईसाहेबांचा राग उशिराच चढतो.

१४ मार्च
पुढच्या तपासणीला जायचं नाही, ठरवलं. गोळ्याही पुरे. जगून करायचं काय, हे मला खरंच कळत नाही. हे फक्त तिला सांगता येईल. बाकीचे म्हणतील, आम्ही एवढं केलं तुझ्यासाठी!

ती रागवेल. रागवू दे. पण येऊ दे.

१७ मार्च
मुलगा कामावर, सूनबाई झोपलेली. मास्क बांधला आणि रिक्षाने तिच्या घरी गेले. चांगली खरडपट्टी काढायची, असं घोकतच जिना चढले.

तिच्या नवऱ्याने दार उघडलं. "ताई! तुम्ही? एकट्या?" मी म्हटलं, "कुठेय ती? बोलवा बाहेर." तो दारातून बाजूला झाला.

टीव्हीशेजारी तिचा चष्मा होता. घडी करून ठेवलेला. चष्म्याशिवाय तिला स्वतःचा हात दिसत नाही. चष्मा ठेवून ती जाईल कुठे?

"हृदय बंद पडलं, ताई. झोपेत. तुम्हाला पेशी दिल्या त्याचा काही संबंध नाही, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. तुम्हाला धक्का सोसणार नाही, म्हणून तुमच्या मुलाने..." 

महिना झाला. ती महिन्यापूर्वीच गेली! ज्या घरात मी तिच्यावर चिडत होते, तिथे सगळ्यांना माहीत होतं. काचेच्या भांड्यासारखं जपलं मला. माणसासारखं रडू दिलं नाही.

घरी येऊन बाथरूममध्ये गेले. नळ सोडला नाही. ऐकू दे सगळ्यांना.

२० मार्च
तपासणीला गेले. सुई टोचताना नर्स म्हणाली, "घाबरू नका आजी, थोडंसंच घेते."
म्हटलं, जपून घे गं. माझ्या बहिणीचं आहे.