बाबांचे विराम

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार (वाकलो नाही, मान धरली आहे, घातला असं समज). तू, भाओजी आणि तुझा गुडघा, तिघंही बरे असाल. इकडे सगळं ठीक, म्हणजे अजून कुणी कुणाचा जीव घेतलेला नाही.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आल्यापासून घरात एकच सूर आहे. आई वाजवायची ना, तो एकट्या व्हायोलिनचा तुकडा, तोच. पण एकट्या व्हायोलिनवर नाही. तो अख्ख्या वाद्यवृंदासाठी ज्याने ज्याने म्हणून बसवला, त्या सगळ्यांच्या रेकॉर्डी बाबांनी जमवल्यात. एकीत नगारे आहेत, एकीत घंटा वाजते आणि मी दर वेळी दार उघडायला जातो. आईचं एकटीचं काम करायला साठ माणसं लागतात, हे आपल्या घराला नवीन नाही म्हणा.

बरं, नुसतं ऐकतील तर शपथ. जन्मभर वाद्यवृंदात डबल बास (ते पुरुषभर उंच, घुमणारं धूड) वाजवलेला माणूस. सगळ्यांच्या मागे उभं राहायचं, आपली वेळ येईपर्यंत बोटांवर विराम मोजायचे आणि मग एकदा घूं करायचं. तेच आता खुर्चीत बसून चालतं. मोजणी सुरू असताना हाक मारायची सोय नाही. परवा तुझी भावजय त्यांना दुधाकडे बघायला सांगून गेली. बाबांनी दूध वर येताना पाहिलं, ओट्यावरून खाली उतरतानाही पाहिलं. गॅस का नाही बंद केला विचारलं, तर म्हणाले, "अगं, माझे विराम बाकी होते." तिने ओटा पुसला आणि माझ्याशी बोलणं सोडलं (बाबांवर रागावता येत नाही, मी हाताशी असतो).

शेवटी काल वैतागून, कानांना जरा विसावा म्हणून, मी मूळची रेकॉर्ड लावली. एकटं व्हायोलिन. बाबा सावरून बसले, मोजू लागले. तुकडा संपला तरी मोजतच होते. मग म्हणाले, "यात माझं कधी काही नव्हतंच रे. ती आत वाजवायची, मी बाहेर मोजत बसायचो. कुठे शिरायचं तेच सापडलं नाही." मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून दूध पातेल्यात परत जात नाही. तेव्हा महिनाभर त्यांना तुझ्याकडे ने. मी पार थकलोय.

तुझा,
धाकटा

ता.क. बाबांना न्यायचं राहू दे. त्यांचा बास तुझ्या जिन्याखाली आहे. भाओजी त्यावर ओले टॉवेल टाकतात, तेवढे काढून पाठवून दे.

आणखी एक ता.क. नुसता बास येऊन भागणार नाही. आईचं व्हायोलिन घेऊन तूच ये. तिचा डोळा चुकवता चुकवता जेवढं शिकलीस तेवढं पुरे. मध्येच अडलीस तर घाबरू नकोस, बाबांना थांबायची सवय आहे.