घंगाळाचं गॅस्केट

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

पिंगळी, जि. परभणी
४ मार्च २०२५

प्रिय शिवकांत भाऊजींना,
उमादेवीचा शरणु शरणार्थ.

आम्ही सगळे इकडे खुशाल आहोत, तुम्हीही तिकडे जहीराबादला खुशाल असाल. पत्र बघून दचकू नका, कुणाला काही झालेलं नाही. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही ‘बरं हाय, बरं हाय’ एवढंच बोलता आणि ठेवून देता. शिवाय सोबत जी कागदाची गुंडाळी पाठवली आहे ती फोनमधून जात नाही.

पहिली बातमी गोड आहे. तुमच्या पुतणीचं, ईश्वरीचं लग्न ठरलं. मुलगा पूर्ण्याचा, रेल्वेत आहे, स्वभावाने गरीब. अक्षय तृतीयेला आपल्याच दारात मांडव. पोरीने हट्ट एकच धरला आहे. या घरात सून आली ती आपल्या जुन्या बेडफोर्ड ट्रकमध्ये बसून, लेक गेली तीही बेडफोर्डमध्ये बसून, तर मी काय पाप केलं? मुलाकडच्यांनी कार सजवतो म्हटलं, तर म्हणाली, सजवा, पण ती मागून येऊ द्या.

दुसरी बातमी म्हणजे बेडफोर्ड बंद पडली आहे. शिवरात्रीच्या आधी हे पेडगावहून हरभऱ्याची पोती आणत होते. वाटेत पाणी संपलं, इंजिन तापलं, काटा लालमध्ये गेला. यांचं लक्ष नव्हतं. जातं माणसाचं लक्ष कधी कधी दुसरीकडे.

रेल्वे फाटकाजवळ गॅरेज असलेल्या सिद्धोधन मिस्त्रीने इंजिन उघडलं आणि सांगितलं की हेड गॅस्केट जळालंय. इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्या मधला तो पातळ पत्रा. नवा आणून टाकला की झालं, म्हणाला. एवढंसं काम, पण तिथून आमचे हाल सुरू झाले. यांनी बॉनेटवरचं नाव सांगून नांदेडहून बेडफोर्डचं गॅस्केट मागवलं. इंजिनावर ठेवलं तर नातवाची चड्डी आजोबांना घातल्यासारखं दिसायला लागलं. मी म्हटलं, अहो, नाक बेडफोर्डचं आहे, पोट कुठे बेडफोर्डचं आहे? पोट भाऊजींनी बदललं नाही का? तेव्हा यांना आठवलं. म्हणजे आठवत होतंच, पण तुमचं नाव घ्यावं लागेल म्हणून विसरले होते.

मग इंजिनाच्या नंबरावरून गॅस्केट आणायचं ठरलं, तर नंबरच सापडेना! मामंजींनी, म्हणजे तुमच्या आप्पांनी, इंजिनाचं कपाळ म्हणून नेमकी नंबराचीच सपाट जागा धरली होती. दर दसऱ्याला तिथेच विभूतीचे तीन पट्टे, कुंकू आणि वरून तेल. मामंजी गेल्यावर यांनी तो नेम चालवला. तो सगळा थर वाळून दगड झालेला. सिद्धोधनने छिन्नी उचलली तर हे ओरडले, ‘आरं थांब! आदी नमस्कार तर करू दे.’ सगळ्यांनी नमस्कार केला, मग देव खरवडला, मग कुठे नंबर दिसला.

त्या नंबराचं गॅस्केट लातूरहून आलं. बोल्टांची भोकं जुळली, पाण्याची जुळेनात. हे तळहात फिरवून म्हणतात, ‘बसलं की! बराबर बसलं.’ अर्धं भोक झाकलेलं मला लांबून दिसत होतं. सिद्धोधन माझ्याकडे बघायला लागला आणि मी छताकडे.

आता खरी गंमत ऐका. सिद्धोधन जुन्या गॅस्केटचे तुकडे डिझेलने धुवायला बसला. काजळी निघाली, खाली तांबं, आणि एका तुकड्याच्या कडेला ठिपक्याठिपक्यांची अक्षरं: ‘माणिकराव मामाकडून’. भाऊजी, चुडाव्याच्या माझ्या मामांनी लग्नात दिलेलं तांब्याचं घंगाळ! सासूबाई जन्मभर म्हणत राहिल्या की मांडवातून चोराने नेलं. चोर घरचाच, आणि घंगाळ इतकी वर्षं माझ्याच दारातून धूर सोडत जात होतं. मी गॅरेजमध्ये बसून अशी हसले की सिद्धोधनने मला पाणी आणून दिलं.

दंड म्हणून ईश्वरीच्या लग्नात तसंच घंगाळ काकाने द्यायचं. हे मी ठरवून टाकलं आहे.

आता काम. जुने तुकडे वाकडेतिकडे झालेत, त्यांवरून माप निघत नाही. सिद्धोधन म्हणतो, ‘खालचं एकाचं आन वरचं दुसऱ्याचंच दिसायलंय. कोणतं भोक उगडं ठेवायचं आन कोणतं बुजवायचं, ते केलेल्यालाच ठावं.’ म्हणून ब्लॉक आणि हेड दोन्हींना ग्रीस लावून कागदावर छाप घेतली. तीच या गुंडाळीत आहे. माझी वरात चुडाव्याहून येताना याच फाटकावर गाडी बंद पडली, आणि सगळ्या वऱ्हाडासमोर हे तुम्हाला काय बोलले ते मी शालूत बसून ऐकलं आहे. ते विसरा असं मी म्हणणार नाही. पण मला या अक्षय तृतीयेला गाडी चालू पाहिजे आणि या इंजिनाच्या पोटातलं तुमच्याशिवाय कुणालाच कळत नाही.

वळवाच्या आधी उत्तर यावं. तब्येतीला जपा, नुसत्या चहावर दिवस काढू नका.

तुमची,
लुटली गेलेली वहिनी,
उमादेवी


जहीराबाद
१३ मार्च २०२५

ती. वहिनींना,
शिवकांतचा शरणु शरणार्थ.

पत्र मिळालं. ईश्वरीचं लग्न ठरल्याचं वाचून फार आनंद झाला. मी तिला शेवटचं बघितलं तेव्हा ती दप्तर घेऊन शाळेला निघाली होती.

घंगाळाची चोरी कबूल. पण माझी बाजूही ऐका. इंजिनाचा ब्लॉक मी एका मोडीत निघालेल्या ट्रकचा आणला होता. त्याचं हेड तडकलेलं निघालं, म्हणून खडी क्रशरवरच्या इंजिनाचं हेड बसवलं. जात एकच, पण पाण्याच्या वाटा वेगळ्या. मधे गॅस्केट मात्र ट्रकचं टाकलं. तीच चूक झाली आणि तुमची वरात फाटकावर अडकली. दादा म्हणाले, या गाडीला पुन्हा हात लावायचा नाही. आप्पा म्हणाले, निदान चालू करून दे. तसं गॅस्केट कुठल्याच दुकानात मिळणार नव्हतं, हाताने कापायला जाड तांबं पाहिजे होतं, आणि घरात सगळ्यात जाड तांबं तुमच्या मामांचं. मी घंगाळ फोडलं, पत्रा ठोकून सपाट केला, तापवून मऊ केला आणि कापला. मामांचं नाव पुसून टाकायला हात धजेना, म्हणून ते बोल्टांच्या बाहेर, कडेला ठेवलं. आप्पांना माहीत होतं. ते म्हणाले, तू जा, मी सांभाळतो. चोर आप्पांनीच उभा केला असणार.

छाप चांगली आली आहे. सिद्धोधनला शाबासकी सांगा. लातूरचं गॅस्केट परत करा, हेड तासून सपाट करून घ्या, आणि वाट्टेल ते झालं तरी भोकांत गळती बुजवायचा पांढरा लेप भरू नका. नवं तांब्याचं गॅस्केट मी इथे कापतो आणि बसच्या पार्सलने पाठवतो. मी गाडीला हात लावायचा नाही, पण पार्सलला तो हुकूम लागू होत नाही. घंगाळही त्याच पार्सलमध्ये येईल.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. दादांचं काट्याकडे लक्ष नव्हतं? वहिनी, दादा रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त बघायचे. सुई जरा हलली की गाडी उभी करून उतरायचे, आम्ही वैतागायचो. आणि अर्धं झाकलेलं भोक त्यांना दिसलं नाही? लहानपणी सायकलच्या चाकात केसाएवढा बाक असला तरी मला मारायचे.

मला खरं काय ते कळवा.

आपला,
शिवकांत


पिंगळी
२४ मार्च २०२५

ती. शिवकांत काकांना,
ईश्वरीचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी आईने मोठ्याने वाचलं, बाबांनी ऐकलं. घंगाळ फोडल्याचं ऐकताना ते हसले. काट्याचं आलं तेव्हा उठून गॅरेजमधल्या गाडीत जाऊन बसले, ते जेवायलाच आले. आज संध्याकाळी मला म्हणाले, ‘कागद घे. मी सांगतो तसं लिही.’ म्हणून हे पत्र बाबांचं आहे, हात माझा आहे. त्यांनी जे जे ‘लिहू नको’ म्हटलं तेही मी लिहिते आहे. वाचून दाखवायची वेळ आली तर ती वाक्यं गाळीन.

‘शिवकांतला आशीर्वाद. आमी मजेत हाव. हेड तासून आणलं. लेप भरला न्हाई. सिद्धोधन तुझी लय तारीफ करायलाय, मी म्हणलं, जास्त चढवू नको.

‘लिही, काट्याचं. काटा बघितला न्हाई असं न्हाई. काटा दिसला न्हाई. डाव्या डोळ्यानं काहीच दिसत न्हाई आन उजव्यानं नळीतून बघितल्यावानी. परभणीच्या डॉक्टरनं सांगितलंय, काचबिंदू. गेलं ते माघारी येणार न्हाई, हाय ते औषधानं टिकवू. तुज्या वहिनीला म्हाईत हाय, पोरीला न्हाई.’

इथे मी म्हटलं, बाबा, पोरगीच लिहायलीय. ते म्हणाले, ‘हां. मग पोरीलाबी म्हाईत झालं.’ मला आधीपासून माहीत होतं, काका. मी त्यांच्या डाव्या बाजूने चहा ठेवला की ते कप शोधतात. आईला वाटायचं मला कळत नाही, आईने मला कधी सांगितलं नाही, मी आईला. आम्ही तिघं एका घरात एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होतो. त्यावर आई चुलीपाशी रडली आणि लगेच म्हणाली की भाजीचा ठसका लागला. भाजी दोडक्याची होती.

‘पेडगावच्या वाटेवर बैल आडवा आला, तो मला डाव्या अंगानं दिसलाच न्हाई. त्याचं नशीब चांगलं, माझंबी. त्या दिवसापासून किल्ली देव्हाऱ्यात ठेवलीय. गाडी दुरुस्त करायचा सोस माजाच, पण चालवायला मी बसणार न्हाई. गाडीत पोरगी आसल. लोकं म्हणतात, पूर्ण्याचा एखादा ड्रायव्हर बोलवा. बाहेरच्याला गेअर सापडणार न्हाई. दुसरा गेअर आदी पुढं ढकलून मग खाली घ्यावा लागतो, हे मला ठावं आन तुला ठावं.

‘हे लिहू नको, ईश्वरी. मला त्याची लय आठवण येती. गाडी सुरू केली की दर वेळेला येती. इंजिन त्याचंच हाय ना. पंचवीस-तीस वर्षं त्याच्या इंजिनावर बसून मी हिंडलो आन एकदा म्हणलो न्हाई, की बाबा, चांगलं बसवलं तू.’

मी लिहिलं. मी म्हटलं, बाबा, हे तर सगळ्यात आधी लिहायला पाहिजे. ते म्हणाले, ‘तुला काय कळतंय.’ मग थोड्या वेळाने, ‘लिहिलंस का?’ मी हो म्हटलं. मला रागावले नाहीत.

‘तर काम असं हाय. गॅस्केट पार्सलनं पाठवू नको. बसच्या टपावर पत्रा वाकतो. सोबत घेऊन ये. तूच बसव, तूच बोल्ट आवळ, सिद्धोधन नुसता पाने देईल. आन अक्षय तृतीयेला तूच चालव. मी तुज्या उजव्या अंगाला बसन, ह्या डोळ्यानं जेवढं दिसतं तेवढं बघन.’

मी सांगितलं, बाबा, उजव्या अंगाला तर दार आहे, स्टिअरिंगच उजवीकडे असतं. तेव्हा खूप हसले. ‘मग डाव्या अंगाला बसतो. पोरगी मधी. डावीकडचं तसंबी मला दिसत न्हाई, तर रडताना ती मला दिसणार न्हाई, बरंच हाय.’ काका, मी मधे बसले की त्यांच्या उजव्या बाजूला येते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

माझं स्वतःचं एवढंच. तुम्ही आला नाहीत तर मी कारमध्ये बसणार नाही, पायी पूर्ण्याला जाईन, आणि लोकांना सांगेन की काकामुळे.

शेवटी काय लिहू, विचारलं. म्हणाले, ‘आपला, मंगेश लिंगराज, लिही.’ मी लिहायला घेतलं तर हात धरला. ‘थांब. खोड ते. त्यो मला नावानं कवा हाक मारायचा?’ मग पेन मागितलं. कागद कुठे संपतो ते बोटाने चाचपून बघितलं आणि खालचा शब्द त्यांनी स्वतः लिहिला आहे. ओळ सुटली आहे, पण तुम्हाला वाचता येईल.

दादा