सगुणा पाटकर — आत

सोमवार, ३ फेब्रुवारी
नोकरीचा पहिला दिवस झकास गेला. ऑफिस मुलुंडला, एका गाळ्याच्या माळ्यावर. खाली खोकी बनतात, त्यामुळे दिवसभर डिंकाचा वास. आम्ही सोसायट्यांच्या गेटचं अ‍ॅप चालवतो: कोण आत आलं, कोण बाहेर गेलं. एकेचाळीस सोसायट्या, प्रत्येकीचा वेगळा सबडोमेन, म्हणजे वेबवरचा स्वतःचा पत्ता. मालक हर्षदभाई मोकळे वाटले. म्हणाले, सुपरवायझर लोक चार-चार सोसायट्या बघतात, प्रत्येक ठिकाणी नवं लॉगिन करून वैतागलेत. एकदाच लॉगिन होऊन सगळीकडे चालेल असं कर, रुचिरा.
घाटकोपरला आत्याकडे राहतेय. तिची सोसायटीही आमच्याच यादीत. काका गेल्यापासून एकटीच होती. मी आल्याने तिला कोण आनंद! तिसऱ्यांचं सुकं केलं होतं.

बुधवार, ५ फेब्रुवारी
काम केवढंसं निघालं! कुकी म्हणजे लॉगिन झाल्यावर ब्राउझरकडे राहणारी चिठ्ठी. आजवर ती ज्या सोसायटीने दिली तिच्याच दारात चालायची, कारण सेटिंगमध्ये डोमेनची जागा रिकामी होती. तिथे कंपनीचा मूळ पत्ता लिहिला. एक ओळ. आता एका दारची चिठ्ठी एकेचाळीस दारांत चालते. माझ्या आधी इथे असलेल्या प्रांजलने दोन वर्षं हे का केलं नाही, कळत नाही. हर्षदभाईंनी सगळ्यांना समोसे दिले.
एक गंमत. मुलुंडच्या सोसायटीत रोज सकाळी ११.४० ला नोंद पडते: सगुणा पाटकर, ७०३, आत. बाहेरची नोंद कधीच नाही. वॉचमन काशीरामना विचारलं तर म्हणाले, त्या बाई दिवाळीत वारल्या, घराला कुलूप आहे, तुमचं अ‍ॅपच येडं आहे. उद्या बघेन.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी
आज मुलुंडला नोंद नव्हती. बोरिवलीला होती. सगुणा पाटकर, ३०२, आत. ११.४०.
मला वाटलं, माझ्याच बदलामुळे जुन्या लॉगिनला सगळी दारं उघडली. चूक सापडली म्हणून बरंच वाटलं. चारला तिथल्या सेक्रेटरींचा फोन आला. ३०२ मध्ये माणिकताई म्हणून एकट्या राहायच्या. सोफ्यावर बसल्या बसल्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. टीपॉयवर चहाचे दोन कप होते. सेक्रेटरींना एवढंच हवं होतं की पाहुणं कोण आलं होतं ते अ‍ॅपवर बघून सांगा. वॉचमनने कुणालाच पाहिलं नव्हतं.
तपासून कळवते म्हणून फोन ठेवला.

सोमवार, १० फेब्रुवारी
अंधेरी. निवृत्त शिक्षिका, एकटीच. दोन कप.
ती ओळ दुपारीच काढली. पण वाटलेल्या चिठ्ठ्या ज्याच्या त्याच्या हातातच राहतात. त्या पुसायच्या तर ज्या डोमेनवर दिल्या तेच नाव घेऊन पुसाव्या लागतात. तसं केलं. मग चिठ्ठ्या खऱ्या ठरवणारी गुप्त किल्लीच बदलली. एकेचाळीस सोसायट्या एका क्षणात लॉगआउट. फोनवर फोन. हर्षदभाई ओरडले, वाट लावलीस म्हणाले.
सगळे बाहेर पडले. यादीत एकच नाव राहिलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी
सगुणा पाटकरांचं खातंच काढून टाकलं. डेटाबेसमध्ये आता या नावाचं कोणी नाही. त्यांच्या मुलीला, जान्हवीला, फोन केला. आईचा मोबाइल केव्हाच भंगारात दिला म्हणाली. मग रडायला लागली. आईला एकटीने चहा घेणं कधी जमलंच नाही, शेवटची दोन वर्षं कुणी येत नव्हतं, मीसुद्धा नाही, म्हणाली.
११.४० ला पवई.

बुधवार, १२ फेब्रुवारी
प्रांजल फोनवर सापडला. मी सगळं सांगितलं. मग म्हणाला, "डोमेन उघडलंस? कशाला गं?" दिवाळीनंतर त्याने मुद्दामच ती जागा रिकामी ठेवली होती. तेव्हापासून त्यालाही नोंद दिसत होती. त्या स्वतःच्याच रिकाम्या घरात जायच्या, कुणाला त्रास नव्हता. आता त्यांना परत कसं बोलवायचं, मी विचारलं. माहीत नाही म्हणाला. मला पुन्हा फोन करू नकोस, म्हणाला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी
सगळं ऐकल्यावर हर्षदभाईंनी सर्व्हर बंद केला. तारा काढल्या, माझ्या डोळ्यांदेखत.
तरी माझ्या मोबाइलवर — ११.४० — भांडुप.
आत्याला सांगितलं, दार कुणालाही उघडू नकोस. हसली. दारात आलेल्या बाईमाणसाला काय परत पाठवू, म्हणते. उद्या घरीच थांबणार मी.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
घरी परतताना रिक्षात लिहितेय. सकाळी हर्षदभाईंचा फोन आला, पोलीस आलेत, लगेच ये. गेले. पोलीस कोणी नव्हते. हर्षदभाई म्हणाले, मी फोनच केला नाही —

११.३६. भांडुपला अडकलेय. पुढे डंपर आडवा. रिक्षावाला इंजिन बंद करून बसलाय. आत्या फोन उचलत नाही.

११.४०. नोंद आली. घाटकोपर. आमचाच फ्लॅट.

आत्याने फोन उचलला. आत्या आनंदात. तुझ्या ऑफिसातल्या बाई इल्यात म्हणते. किती गोड बोलतंत. मी ओरडले, आत्या, बाहेर पड, जिना उतर, चप्पल नको घालू — ती म्हणते, असा काय करतंस, माणसा बसलीत घरात —

उतरून पळू का. किती अंतर — पोचणार नाही —

फोन चालूच आहे. कपांचा आवाज. आत्या हसतेय. आता थांबली —

म्हणते, "त्येंका तुझ्याशी बोलूचा आसा. फोन देऊ काय गो?"

मी नको म्ह