श्रावणात लागलेला जिताडा

मीरा रोड,
१३ ऑगस्ट २००६

तीर्थरूप बाबांस,

कौस्तुभचा साष्टांग नमस्कार. (एक आज सकाळीच मुर्ध्याच्या खाडीकाठी चिखलात घालून झालाय, त्याचं कारण पुढे येईलच.) आपला गुडघा कसा आहे? आईंचा खोकला थांबला का? रेवदंड्याला पाऊस बरा असेल. इकडे आम्ही सुखरूप आहोत, आणि बाबा, आता धीर धरवत नाही म्हणून सांगूनच टाकतो: जिताडा लागला! चांगला हातभर लांब मासा!

लग्नाच्या पंगतीत आपण सगळ्यांसमोर म्हणाला होतात, "जावईबापू, स्वतः जिताडा धराल त्या दिवशी तुमच्या घरचं पाणी पिईन." लोक हसले, मीही हसलो. पण आपण शब्दाला जागलात आणि दोन वर्षांत आमचा उंबरा ओलांडला नाहीत. नीलम प्रत्येक सणाला आधी दाराकडे बघते आणि मग माझ्याकडे बघते. त्या दुसऱ्या बघण्याला मी फार भितो.

म्हणून मी गळ घेतला. नेमका श्रावण लागला आणि नीलमने बजावलं की कोळंबी घरात आणायची नाही, गळालाही लावायची नाही. मग उरली ती रबरी आमिषं. मुंबईतल्या एका बड्या दुकानात पाहिली, तर एका पाकिटाच्या किमतीत आठवडाभर खरे मासे खाता आले असते (अर्थात श्रावण नसता तर). तरी हौसेने एक गांडूळ घेतलंच. बाकीची खरेदी भाईंदर स्टेशनाजवळच्या खेळणीवाल्याकडे केली. तिथे नीलमने एकेक रबरी मासा वांगी निवडावीत तसा दाबून, वाकवून, वास घेऊन पाहिला. शेवटी दुकानदार कंटाळून म्हणाला, "मॅडम, मछली को खाना है, आपको नहीं."

घरी बादलीत परीक्षा घेतली. महागडं गांडूळ तळाशी जाऊन गप्प पडलं (बहुधा तेही श्रावण पाळत असावं). स्वस्तातला हिरवा मासा मात्र दोरी ओढताच अशी शेपूट हलवायचा, की मलाच भूक लागली. इतक्यात शेजारच्या हंसाबेन डोकावल्या. कडक जैन बाई, म्हणून मी घाईघाईने सांगितलं की प्लास्टिक आहे, जीव नाही. त्या म्हणाल्या, "जीव नहीं वो तो सारू, पण मछली से झूठ बोलना भी पाप छे ने?" जाता जाता मात्र "हरावाला असली लगता है" असा कौल देऊन गेल्या.

आज भरतीच्या वेळी आम्ही दोघं मुर्ध्याला, जुन्या मिठागराच्या उघाडीच्या दारापाशी गेलो. खाडीचं पाणी गढूळ, धो धो आत शिरत होतं. हिरवा मासा पाण्यात पडला, दोनदा शेपूट हलली आणि काय सांगू बाबा, काठी वाकली, रीळ किंचाळलं, मी किंचाळलो! चांदीसारखं पोट, लालसर डोळे, आणि रग अशी की माणूस आडवा व्हावा. (झाला.) मासा काठावर आला तेव्हा मी चिखलातूनच टाळ्या वाजवल्या.

आणि मग आम्हाला श्रावण आठवला. घरी न्यावा तर शिजवता येत नाही, फ्रिजमध्ये ठेवावा तर नीलम फ्रिजच जिन्यात काढेल, आणि दुसऱ्याच्या ताटात जाऊ द्यायला जीव होईना. शेवटी पाण्यात सोडला. मला रडू आलं, बाबा, खोटं कशाला सांगू.

पण आपली अट पुरी झाली. गौरी-गणपती आटोपले की दोघांनी यावं. आईंना नमस्कार.

आपला,
कौस्तुभ

ता. क. शेपूट तुटलेला तो हिरवा मासा पुराव्यादाखल सोबत पाठवतोय. दुकानात तो रंग संपलाय, तेव्हा परत हवा. टपालाचा भरवसा नाही, आपण स्वतःच घेऊन यावं.

ता. क. दुसरा. बाबा, पाकीट चिकटवण्याआधी मी पत्र वाचलं. काठी माझ्या हातात होती. हे डबा उघडून थालीपीठ खात होते. मदतीला म्हणून धावले ते थेट चिखलात. तेव्हा तुमच्या जावयाने काही जिताडा धरलेला नाही. त्यांच्या घरी नाही आलात तरी चालेल. माझ्या घरी या. – नीलम