मंगळवारच्या ऑपरेशनआधी

व्हिएन्ना

लाडक्या जरीनाआपास तुझ्या हुस्नाचा सलाम.

पावसाळ्यात पियानोला ओल लागू नये म्हणून तू त्याच्या पोटात बल्ब लावून ठेवायचीस, ते आज आठवलं. अम्मी ओरडायची, "पेटीला उजेड, अन् माझ्या चुलीपाशी अंधार व्हय गं?" तू म्हणायचीस, "अम्मी, तिला थंडी वाजती की!"

मी बरी आहे. परवाचा माझा पियानोचा कार्यक्रम छान झाला, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. उजव्या हाताची दोन बोटं मध्येच बधिर झाली आणि काही सूर सुटले, पण ते कुणाच्या लक्षात आलं नसावं.

मंगळवारी त्या हाताचं छोटंसं ऑपरेशन आहे. डॉक्टर चांगले आहेत. पुन्हा वाजवता येईल ना, असं मी विचारलं, तर हसून म्हणाले, "चहाचा कप नक्की उचलाल." तू मात्र घाबरू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? जिना अजून चढतेस का?

एक काम कर. राजारामपुरीतल्या आपल्या घरातला माझा पियानो तेजस्वीला दे. मी सुट्टीत आले की ती पोरगी किती ओढीने शिकायला येते! दोन्ही हातांनी वाजवायच्या रचनांची पुस्तकंही तिलाच दे. कपाटातल्या रेशमी साड्या तुझ्या लेकीला, नसरीनला. फक्त हिरव्या पुठ्ठ्याचं पुस्तक कुणाला देऊ नकोस. त्यात एकट्या डाव्या हाताने वाजवायच्या रचना आहेत. ते मला पाठव, मंगळवारची वाट न बघता.

तुझीच,
हुस्ना