रुस्कोचा आवाज

तैवलकोस्की,
१९ सप्टेंबर

चि. सिनिक्का हिस,

अनेक आशीर्वाद. इथे सगळं ठीक. पहाटे तळ्यावर धुकं असतं, बर्चची पानं पिवळी पडू लागली आहेत. रानातल्या लाल बेरी यंदा अमाप आल्या, मुरंबा करून तळघरात ठेवलाय. माझ्या नातीला, वेन्लाला, शाळेत कविता पाठ करायला लावतात का? आम्हाला बाई शेगडीपाशी उभं करून म्हणायला लावायच्या. अजूनही यमक नीट जुळलं की मला पाठीला ऊब लागते.

तू फोन करतेस आणि मी "बरं, बरं" म्हणून ठेवून देतो, याचा राग धरू नकोस.

लिहायचं होतं ते रुस्कोबद्दल. शिकारीचा हंगाम सुरू झाला आणि त्याचा आवाजच गेला, असं मला वाटलं. आपल्या या तांबड्या कुत्र्यांचं सगळं कसब भुंकण्यात, हे तुला मी काय सांगू! रानकोंबडा झाडावर बसला की कुत्र्यानं खाली उभं राहून, शेपटी डोलवत, एका लयीत भुंकत राहायचं. पक्षी त्याच्याकडे बघत गुंगतो आणि त्या आवाजाच्या आडून आपण जवळ पोचायचं. मी ओंडक्यावर बसून जुनी कडवी घोळवत राहायचो, आणि रान गप्प. बऱ्याच वेळानं रुस्को एकटाच परत यायचा, माझ्याकडे न बघता. मी त्याला कोमट दुधात मध घालून पाजला. गळ्याला फडकं गुंडाळलं.

परवा शेजारचा याल्मारी बरोबर आला. त्याच्या कपात कॉफी ओतत मी म्हटलं, "बघ, आजही मुका."

"मुका?" तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. "अरे म्हाताऱ्या, मघापासून बोंबलतोय तो! त्या टेकाडामागे."

"थट्टा पुरे."

"चल, दाखवतो."

गेलो. पाइनच्या शेंड्यावर काळाभोर कोंबडा, खाली रुस्को. त्याचं तोंड उघडत होतं, मिटत होतं, छाती हलत होती. माझ्यापर्यंत काही येत नव्हतं. अगदी जवळ गेल्यावर थोडंसं आलं, तळ्यापलीकडे कुणी लाकडं फोडावीत तसं. याल्मारीनं कोपरानं ढोसलं. मी बंदूक उचलली नाही. कोंबडा उडून गेला.

वाटेत याल्मारी माझ्या कानात ओरडला, "दूध कुत्र्याला कशाला पाजलंस, गाढवा? तुझ्या कानात ओतायचं होतंस!" दोघंही खूप हसलो. मग तो म्हणाला, "पण याला असाच ठेवलास तर बिघडेल हं. कुणी येतच नाही म्हटल्यावर भुंकेल कशाला? पुढच्या हंगामाला खरोखरच गप्प होईल."

त्याचं बरोबर आहे. दवाखान्यातून मागेच मिळालेलं, खणात पडून असलेलं कानाचं यंत्र मी काल लावून पाहिलं. त्यात चमचे आणि कागद फार मोठ्यानं वाजतात. रान वाजत नाही.

तर रुस्कोला तू ने. शिकारीचा परवाना तुझ्याकडे आहे, तुमच्या ओउलु शहराच्या बाहेर रानही आहे. घरात त्याचा जाच नाही. वेन्लाच्या पायांवर झोपेल, जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं की घर डोक्यावर घेईल. शेजारी तक्रार करतील, तेवढं सोस. "बाबा, तुम्हीही चला" असं तू म्हणशील. तो विषय आत्ता नको. मला इथे बरं आहे.

एवढंच कर. रानात तो भुंकायला लागला की त्याच्यापर्यंत जा. बंदूक नसली तरी जा, दमली असलीस तरी जा. आपण हाक मारली की माणूस येतं, हे त्याला कळत राहिलं पाहिजे.

शनिवारी ये. दार वाजवत उभी राहू नकोस, सरळ आत ये.

तुझा,
बाबा